अस्वलाच्या हातातला ग्लास

अंगात येणाऱ्या बायकांना मी तोंडावर हसलेली आहे. भुतंखेतं, करणी... असल्या गोष्टींना मी कधी थारा दिला नाही. तरी जे झालं ते सांगते.

कोल्हापुरात, शाहूपुरीत आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, परमिट रूम होती. तिथं काउंटरवर एका बिअर कंपनीनं जाहिरातीसाठी दिलेलं अस्वल असायचं — दोन फुटांचं, प्लास्टरचं. अंगात लाल जाकीट, हातात फेसाळ ग्लास. फेससुद्धा प्लास्टरचाच. कंपनी कधीच बंद पडली. मालक गेल्यावर परमिट रूम विकली, अस्वल तेवढं घरी आणलं. असल्या जुन्या वस्तूंचे शौकीन विचारत येतात हल्ली, पण मी दिलं नाही. खंडेनवमीला लोक हत्यारं-अवजारं पुजतात, आम्ही ओपनर आणि अस्वल पुजायचो. पोटच त्याच्यावर चाललं होतं ना!

माझा मुलगा संदीप फार प्यायचा. सून शुभांगी कंटाळून लेकीला घेऊन कुरुंदवाडला माहेरी गेली. त्यानं सोडली तरच येणार म्हणाली. गेल्या खंडेनवमीला मी त्याचा हात धरून अस्वलाच्या डोक्यावर ठेवला.

"देवाची शपथ धा वेळा मोडलीस. ज्यानं भाकरी दिली, त्याची घे आता."

घेतली त्यानं. चार महिने घर कसं शांत! शुभांगीनं यायचा दिवससुद्धा ठरवला.

त्याच्या आदल्या दिवशी सकाळी धूळ पुसायला गेले, तर अस्वलाचा ग्लास ओला. बोट लावून वास घेतला... ताजी बिअर! तशीच संदीपकडं गेले.

"पिलास व्हय रं?"

"न्हाय, आई. तोंडाचा वास घे की!"

घेतला. नुसता चहाचा वास. तरी मी म्हणाले, "वेलदोडा चघळला असशील. ते अस्वल खोटं बोलंल व्हय?"

"आणि मी बोलतोय?"

मी सरळ शुभांगीला फोन लावला, "येऊ नको बाई, ह्याचं परत सुरू झालंय." ती आली नाही. संदीपनं दोन पिशव्या भरल्या आणि इचलकरंजीला खोली घेऊन राहिला.

आठवड्यानं ग्लास परत ओला. घरात मी एकटी, दाराला आतून कडी. गवंड्याला दाखवलं. तो म्हणाला, "प्लास्टर ओल धरतंय मावशी, पण बिअरचा वास कुठनं येणार?"

शुभांगीला सगळं सांगितलं. "आत्ती, आता तुम्ही लेकाला झाकताय," म्हणाली.

संदीपला फोन करून म्हटलं, "तुझं खरं होतं रं. ये घरी."

"मी प्यालो नव्हतो, हे पण तुला अस्वलानंच सांगावं लागलं की," म्हणाला आणि फोन ठेवला.

ग्लास कशानं ओला होतो, मला अजून ठाऊक नाही. पोराच्या तोंडाला वास नव्हता, हे मात्र मला त्याच सकाळी ठाऊक होतं.