अंगठ्याएवढी बत्ती

काका परत कामावर आले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर हे सगळं एका बत्तीचं कौतुक वाटायचं, आणि ते तसं वाटू देण्यात मी पटाईत आहे.

उरणजवळच्या एका यार्डात मी रिकामे कंटेनर तपासतो. माल उतरलेला कंटेनर आमच्याकडे येतो. आत शिरून मी फळ्या, खिळे, डाग, वास बघतो आणि तो पुन्हा भरायला योग्य आहे की नाही ते लिहितो. आत दिवसाही नीट दिसत नाही. फोनची बत्ती लावावी, तर यार्डात मोठी मशिनं फिरत असताना फोन हातात धरायला बंदी. म्हणून किल्ल्यांच्या जुडग्यात राहील अशी एक छोटी बत्ती घ्यायचं ठरवलं. ठरवलं कसलं, दोन महिने घरच्यांचं डोकं खाल्लं.

पहिली बाजारातल्या हातगाडीवरून घेतली. खाडीच्या खाऱ्या हवेत महिनाभरात तिच्या स्प्रिंगला गंज चढला. दुसरीचं बटण खिशातल्या खिशात दाबलं जायचं. संध्याकाळी घरी येईपर्यंत मांडी गरम आणि बॅटरी संपलेली. मग मी अभ्यासाला लागलो. जेवताना फोनवर बत्त्यांचे व्हिडिओ. उजेड किती, तास किती, पाण्यात पडली तर काय, चार्जरची पिन कुठली. बायको म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा एवढी चौकशी केली नव्हतीत."

शेवटी अंगठ्याएवढी एक सापडली. काळी, डोकं पिळून पेटणारी, मोबाईलच्याच चार्जरवर चालणारी. तिचा उजेड असा, की कंटेनरच्या दारात उभं राहून टोकाच्या पत्र्यावरचा ओरखडा दिसायचा. दोन दिवसांत यार्डातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर माझी ती मारून झाली.

त्यातले एक काका. नात्यातले नव्हेत, पण यार्डात त्यांना सगळेच काका म्हणायचे. आधी मिठागरात होते. मिठागरं गेली तसे ठेकेदाराच्या हाताखाली यार्डात आले. त्यांचं काम माझ्यासाठी दरवाजे लावायचं. कारण पत्र्याला भोक आहे का हे बघायची एकच रीत आहे. तपासणारा आत जातो, बाहेरचा माणूस दोन्ही दरवाजे लावून दांडे घट्ट बसवतो, आणि आतल्याने काळोखात गप उभं राहायचं. मिनिटभराने डोळे सरावतात. छताला कुठे भोक असेल तर तिथे उजेडाचा ठिपका दिसतो.

काकांनी माझी बत्ती हातात घेऊन उलटसुलट केली. म्हणाले, "बेस हाय. पन भोक बगाला कालोखच लागतंय पोरा. बत्ती लावलीस का भोक लपतंय."

मी हसलो. मे महिना होता. बंद कंटेनरमध्ये मिनिटभर उभं राहिलं की बनियन पिळून काढावी लागायची, आणि आता माझ्याकडे एवढी भारी वस्तू होती. मी छतावरून झोत फिरवायचो आणि बाहेर यायचो. काका दरवाजाला हात लावून उभे. "लावू?"

"नको काका, दिसतंय सगलं."

पुढच्या कंटेनरला पुन्हा, "लावू?" मी पुन्हा नको म्हणायचो. दिवसभर नको ऐकूनही त्यांनी एकदाही विचारायचं सोडलं नाही. मला तर त्याचा कंटाळा यायला लागला होता. तपासणीच्या कागदावर 'दरवाजे बंद करून पाहिले' असा एक रकाना असतो. त्यात मी खूण करायचो. खाली काकांची सही असायची. ती ते सकाळीच कोऱ्या कागदावर करून ठेवायचे, कारण सही काढायला त्यांना वेळ लागे आणि माझ्यावर भरवसा होता.

पावसाळा सरत आला आणि साहेबांनी आम्हां दोघांना आत बोलावलं. त्यांच्या फोनवर फोटो होता. आम्ही पास केलेल्या एका कंटेनरच्या छताला मसुराएवढं भोक, आणि त्याखाली भिजून काळी पडलेली तांदळाची पोती.

"दरवाजे लावून बघितलं होतं का?" साहेबांनी मला विचारलं.

खरं उत्तर 'नाही' एवढंच होतं. नोकरी गेली असंच वाटलं. आणि मी म्हणालो, "लावले होते साहेब. पण काकांच्याने हल्ली दांडा पूर्ण बसत नाही. फट राहिली असेल. फटीतून उजेड आला की डोळे सरावत नाहीत, मग भोक दिसत नाही."

हे बोलताना मी अडखळलोसुद्धा नाही, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. इतकी वर्षं या कामात जी काही अक्कल मिळवली होती, ती सगळी त्या एका वाक्याला लावली. यार्डाबाहेरच्या माणसाला असं खोटं सुचलंही नसतं.

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ते म्हणाले, "ऱ्हायली असंल फट."

सोमवारी ठेकेदाराने त्यांना सांगितलं, वय झालं, आता घरी बसा. मी साहेबांना खरं सांगितलं ते फार पुढे. तोवर दरवाजे लावायला दुसरा माणूस आला होता आणि साहेबांना तो विषय पुन्हा नको होता. मला ताकीद मिळाली. बस, एवढंच.

पण त्याआधी, काका घरी बसल्यावर पंधरा दिवसांनी, मी काय करावं? मी त्यांच्यासाठी बत्ती शोधायला बसलो. मोठं बटण हवं, चाचपडून सापडायला हवी, रंग पिवळा बरा. दोन दिवस यात घालवले. तेवढेच दोन दिवस तोंड उघडायचं लांबलं. मग एका रविवारी दुपारी त्यांच्या घरी गेलो.

काकींनी चहा ठेवला. काकांनी बत्ती पेटवली, विझवली, म्हणाले, "बरी हाय." आम्ही बसलो होतो त्या दारासमोरच्या ओट्यावर नळाला पाणी आलं होतं आणि हंडा भरत आला होता. तो उचलायला काका उठले, तशा काकी घाईने आल्या. "ऱ्हाऊ द्या तुमी. हात धरत न्हाय तुमचा." आणि माझ्याकडे वळल्या. "तू होतास ना रं तितं? दरवाजा बी लावता आला न्हाय म्हनं यांना. सगला जनम मिठाच्या पाट्या उचलल्या या हातांनी. आता मी यांना घागर बी उचलू देत न्हाय. डाक्टरला दाखवू का? तू सांग."

काका खाली बसले. बत्तीचं बटण दाबत राहिले. म्हणजे त्यांनी घरातसुद्धा माझं नाव घेतलं नव्हतं. माझं खोटं त्यांनी जसंच्या तसं बायकोला सांगितलं होतं, आणि ती बाई पंधरा दिवस त्या धडधाकट माणसाच्या हातातून घागरी काढून घेत होती.

मी कप खाली ठेवला.

"काकी," मी म्हणालो, "त्यांच्या हातांना काय झालं न्हाय. लावू का, लावू का म्हनून ते रोज इचारायचे. मीच लावू दिला न्हाय. आन् साहेबांसमोर नाव त्यांचं घेतलं."

मला वाटलं होतं त्या शिव्या घालतील. मी त्याची तयारी करून बसलो होतो. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या काकांकडे वळल्या आणि त्यांना म्हणाल्या, "मग उचला हंडा."

काकांनी पिवळी बत्ती माझ्या शेजारी ठेवली आणि उठले. हंडा काठोकाठ भरला होता. दोन्ही हातांनी उचलून, माझ्यासमोरून, उंबरा ओलांडून त्यांनी तो आत नेला. ओट्यावर एक थेंब सांडला नाही.