स्टेशन डायरीत नसलेला रविवार

ही हकिगत सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. निवृत्तीनंतर शाळा-कॉलेजांत भाषणाला बोलावतात, तेव्हा तुरीच्या केसबद्दल हमखास विचारतात. मी अर्धीच सांगतो. उरलेली अर्धी इथे लिहितो आहे. नावं कुणाचीच देणार नाही.

त्या वर्षी मी बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका ठाण्यात पीएसआय होतो. तुरीचा हंगाम होता. सरकारी हमीभाव केंद्रापुढे ट्रॅक्टरांची रांग लागलेली, निंबर्ग्याकडचे शेतकरी तीन-तीन दिवस पोत्यांवरच बसून. एका सकाळी ठाण्यात फोन आला. माणूस केंद्रावरचा हमाल असावा. नाव सांगेना.

‘सायेब, ज्याच्या रानात तुरीचं झाड न्हाई, त्याच्या नावावर तूर चढायलीय. रांगेतली मान्सं तशीच ऱ्हायलीत. केंद्राचा खरेदीचा आकडा भरला की त्यांला घरी धाडतेत.’

एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

दोन दिवस साध्या कपड्यांत माणूस बसवला. एका बड्या व्यापाऱ्याचा टेम्पो रांग सोडून मागच्या दाराने आत जात होता. शनिवारी सकाळी आम्ही पंच घेऊन केंद्रावरची त्याची पोती सील केली आणि त्याच्या गोदामावर छापा घातला. गोदामात आफ्रिकेतून आलेल्या तुरीच्या रिकाम्या प्लास्टिक गोण्या आणि कागदांच्या पाच फायली सापडल्या. व्यापाऱ्याला ठाण्यात आणलं. तो खुर्चीवर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, ‘कागदाचं मला काय कळतं साहेब? ते सगळं माझा कारकून बघतो. त्याला विचारा.’

दुपारपर्यंत कारकुनालाही आणलं. तिशी ओलांडलेला, मंठाळकडचा, बौद्ध कुटुंबातला. बाजारात त्याला ‘कस्टम मास्तर’ म्हणत, कारण बंदरातून माल सोडवायचे नियम त्याला तोंडपाठ होते. त्याला मी उभंच ठेवलं. आमचं घर बसवण्णांना मानणारं. राबणाऱ्या माणसाचा मान ठेवावा हे मी लहानपणापासून ऐकलेलं. तरी खुर्ची कुणाला द्यायची हे मी विचार न करताच ठरवलं होतं.

झडतीत त्याच्या खिशात एक पत्र निघालं. कस्टम ब्रोकरच्या परवान्यासाठी तोंडी परीक्षा, सोमवारी सकाळी अकरा, मुंबई. हा परवाना मिळाला की माणूस स्वतःच्या नावाने व्यापाऱ्यांचा माल बंदरातून सोडवू शकतो. मला वाटलं, पळून जायला बरं निमित्त शोधलंय.

मी त्याच्यापुढे एक कागद धरला. बंदरावर आलेल्या मालाची कस्टमकडे दिलेली नोंद होती ती. त्यात ड्युटीच्या रकान्यात शून्य. मी तेवढंच बघितलं होतं आणि गुन्हा सापडला असं धरून चाललो होतो.

‘शून्य कसं?’

‘शून्यच असतंय साहेब. तूर आपल्याकडं कमी पडतीय म्हणून सरकारनं सूट दिलीय. शिवाय हा देश गरीब देशांच्या यादीत हाय. तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र लागतंय, की माल तिथंच पिकलाय. ते मागं लावलंय बघा.’

आमचे हेड कॉन्स्टेबल दारात उभे होते. म्हणाले, ‘मास्तर, हा शून्याचा पाढा आमाला बी शिकवा की. पगाराच्या कापणीला उपयोगी पडंल.’

‘अण्णा, हे दर सालाला बदलतंय,’ तो शांतपणे म्हणाला. ‘यंदा शून्य, पुढं काय ठाऊक. बदलतंय म्हणून तर माझं पोट चालायलंय.’

मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘साहेब, बंदरात काय न्हाई. माल खरा आला, कागद खरे हायेत, मीच भरलेत. परदेशी तूर आणणं गुन्हा न्हाई. ती इथल्या शेतकऱ्याची म्हणून सरकारला विकणं गुन्हा हाय. गोदामाच्या आत काय झालं ते मला म्हाईत न्हाई. मला तिथं जाऊ देत न्हाईत.’

मला हे पटलं नाही. त्याला मी शनिवारी ठाण्यातच ठेवून घेतलं. अटक दाखवली नाही आणि स्टेशन डायरीत नोंदही केली नाही. ‘चौकशीला बसवलंय’ म्हणायचं आणि माणूस बसवून ठेवायचा, ही आमची जुनी सवय.

रविवारी सकाळी त्याने स्वतःच फायली मागितल्या. सतरंजीवर बसून त्याने कागदांचे जहाजवार गठ्ठे केले. प्रत्येक गठ्ठ्यात मालाची पावती, कस्टमची नोंद, मूळ देशाचं प्रमाणपत्र आणि पीक तपासणीचा अहवाल. एका अहवालाशी तो थांबला.

‘हे बघा साहेब. ह्या जहाजाच्या नमुन्यात तणाचं परदेशी बी सापडलं होतं. चाळून, धुरी देऊन मग माल सोडलाय. चाळला तरी थोडं ऱ्हातंयच. केंद्रावरच्या पोत्यात तेच बी निघालं तर ती तूर ह्याच जहाजातली.’

‘ते बी तू ओळखशील?’

‘मी न्हाई. माझी आई बाहेर बसलीय, तिला विचारा. तिचा जन्म खुरपण्यात गेलाय.’

पंचांसमोर सील काढून नमुना घेतला आणि ताटात पसरला. त्याची आई पायरीवर भाकरीचं फडकं घेऊन बसली होती. आत येताच तिने आधी मलाच विचारलं, ‘कामून बसवून ठेवलाव माझ्या लेकाला?’

मी ताट पुढे केलं. तिने बोटांनी तूर सारली, काड्या वेगळ्या केल्या, खडे वेगळे केले आणि एक काळं, त्रिकोणी बी नखावर घेतलं.

‘हे न्हाई आपल्या शिवारातलं. कुर्डू हाय, लव्हाळा हाय, हराळी हाय, ते मी डोळे झाकून सांगीन. हे बघितलंच न्हाई कवा. कुठलं हाय?’

‘समुद्रापल्याडचं,’ तिचा मुलगा म्हणाला.

‘मग ते निंबर्ग्याच्या तुरीत कसं आलं?’

माझ्या साऱ्या नोकरीत तपासाचा प्रश्न इतक्या थोडक्यात कुणी मांडलेला मी ऐकला नाही. पुढे तज्ज्ञांचा अहवालही तिच्यासारखाच आला.

तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. त्या माणसाचा गुन्ह्याशी संबंध नाही याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. तीनच्या सुमाराला तो उठून उभा राहिला.

‘साहेब, आता जाऊ का? पाचला बसवकल्याणहून मुंबईची गाडी हाय. मागच्या खेपेला तोंडीत नापास झालो होतो. हे हुकलं तर लेखी परत पहिल्यापासनं.’

मी त्याला सोडायला हवं होतं. पण कुठल्या तारखेला गोदामातून किती माल निघाला आणि केंद्रावर कुणाच्या नावाने चढला, हे कागदांवरून जुळवणं बाकी होतं. सोमवारी डीवायएसपी साहेब येणार होते. ते कागद मला वाचता येत नव्हते, ठाण्यात कुणालाच येत नव्हते.

‘उद्या जा,’ मी म्हणालो. ‘साहेबांना हे कोण समजावणार? परीक्षा काय, पुन्हा होते.’

 तो खाली बसला आणि त्याने पुढचा गठ्ठा ओढला. त्या दुपारी रागाच्या भरात त्याने एखादी तारीख मागेपुढे केली असती तर मला कळलंही नसतं. त्याने एकही चूक केली नाही. एवढी सचोटी माझ्या खात्यातही मी फार थोड्या लोकांत पाहिली.

सोमवारी अकरा वाजता तो डीवायएसपी साहेबांना जहाजाचा प्रवास समजावत होता. त्याने एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. दुपारी त्याने जुळवलेला तक्ता समोर ठेवला तेव्हा व्यापाऱ्याने अर्ध्या तासात कबुली दिली. केंद्रावरचे त्याला सामील असलेले दोघे सापडले. त्या हंगामात रांगेतल्या शेतकऱ्यांची तूर घेतली गेली. मला प्रशस्तिपत्र मिळालं. डायरीत मी लिहिलं, ‘साक्षीदार सोमवारी सकाळी स्वतःहून हजर झाला.’

महिन्याभराने तो ठाण्यात आला. नोकरी गेली होती आणि बाजारात दुसरं कुणी त्याला ठेवायला तयार नव्हतं. त्याने परीक्षेसाठी दुसरी तारीख मागितली होती. तिकडून उत्तर आलं होतं, पोलिसांनी थांबवल्याचा पुरावा पाठवा.

‘दोन ओळी लिहून द्या साहेब. शनिवारपासून सोमवारपर्यंत इथं होतो, एवढंच.’

त्या दोन ओळी म्हणजे नोंद न करता माणूस डांबून ठेवल्याची माझी कबुली झाली असती. माझी बढती समोर होती. मी म्हणालो, ‘डायरीत तशी नोंद नाही.’

‘व्हय साहेब, नसंल,’ असं म्हणून तो गेला.

इथे लिहून ठेवतो की तो शनिवारी दुपारपासून सोमवारी संध्याकाळपर्यंत माझ्या ठाण्यात होता. स्वतःहून आला नव्हता. मी आणला होता आणि मी अडवला होता.

गेल्या वर्षी माझ्या पत्नीसाठी मुलाने परदेशातून श्वासाचं यंत्र पाठवलं. ते कस्टममध्ये अडकलं. ड्युटी अवाच्या सवा लावलेली. कुणीतरी सांगितलं, मुडबी रस्त्यावर ‘कस्टम मास्तर’ म्हणून एक जण आहे, त्याच्याकडे जा. मी गेलो. एका खोलीत टेबल, संगणक, बाहेर बाकावर चार-पाच माणसं. परवाना त्याला कधीच मिळाला नाही. दुसऱ्याच्या परवान्याखाली, दुसऱ्याच्या नावाने तो कागद तयार करून देतो. त्याने मला लगेच ओळखलं. उठून खुर्ची दिली.

कागद बघून म्हणाला, ‘कुरिअरवाल्यांनी घरगुती विजेचं सामान म्हणून दाखवलंय साहेब. हे वैद्यकीय यंत्र. ह्याचा क्रमांक वेगळा, दर कमी. डॉक्टरची चिठ्ठी जोडू. चार दिवसांत सुटंल. बाईसाहेबांना फार त्रास व्हायलाय का?’

मी मान हलवली. आईची चौकशी केली. ती दोन वर्षांपूर्वी गेली, असं तो म्हणाला.

घरून निघताना मी वाक्य जुळवून आणलं होतं. माझ्याकडून तुझ्यावर अन्याय झाला, मला माफ कर. मोटारीत ते दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. त्याने अर्ज छापला, सहीची जागा दाखवली. मी सही केली आणि बसून राहिलो. बाकावरचा माणूस खाकरला.

‘आणखी काही होतं का साहेब?’ त्याने विचारलं.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘एवढंच होतं.’