नाकतोड्याचं अस्तर

माझी ताई घरीच ब्लाऊज शिवते. परवा सकाळी गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या फांदीवर तिला नाकतोड्याने टाकलेली कात दिसली. शेजारीच तो स्वतः बसला होता, फिकट आणि मऊ. मुंग्या चढू लागल्या, तशी ती त्यांना हुसकत तासभर तिथेच उभी राहिली. पंख सुकून तो उडाला, तेव्हा कुठे तिने मला हाक मारली.

कात तिच्या तळहातावर होती. "पाठीवर एवढंच उसवलंय बघ. डोळ्यांवरचंसुद्धा निघालंय. आणि आत हे पांढरे धागे. अस्तर असणार."

मी वाकून पाहिलं. कीटकांचा सांगाडा अंगाबाहेर असतो, तो वाढत नाही, म्हणून टाकावा लागतो, आणि त्याबरोबर श्वासनलिकांचं अस्तरही बाहेर येतं, हे मी कॉलेजात वीस वर्षं शिकवतोय. ते डोळ्यांनी पाहिलं मात्र कधीच नव्हतं. थोडं मोठं व्हायचं तर या जिवाला श्वासाची वाटसुद्धा नवी करावी लागते. तेवढा वेळ तो अगदी उघडा असतो, आणि त्या वेळी कुणीतरी मुंग्या हुसकत उभं असणं किती मोठं आहे.

"अस्तरच आहे," मी म्हणालो.

"मग? मला कळणार नाही होय?"

ती कात मी कॉलेजात नेली. तिथल्या कीटकांच्या नमुन्यांच्या कपाटात प्रत्येक डबीवर शोधणाऱ्याचं नाव असतं, बहुतेक आम्हा प्राध्यापकांचंच. या डबीवर मी ताईचं पूर्ण नाव लिहिलं, जरा मोठ्या अक्षरांत.