वहिनींचं नाक आणि आंबट बिअर

आमच्या वहिनी बस चालवतात. मधे सांधा असलेली, लांबडी शहर बस. वळणावर ती त्या अशी वळवतात की उभ्या माणसाच्या हातातली कॉफी हिंदकळत नाही. मी त्यांचा धाकटा दीर, चष्म्यांच्या दुकानात कामाला. दादाच्या लग्नात मी अर्ध्या चड्डीत होतो, तरी वहिनी तेव्हापासून मला "भावोजी, तुम्ही" असंच म्हणतात. निम्मी थट्टा, निम्मी माया.

बस चालवणाऱ्या बाईला बेल्जियमच्या आंबट बिअरचं वेड कसं लागलं, ते आधी सांगतो. वहिनींच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात. त्या एकदा कसल्याशा परिषदेला बेल्जियमला गेल्या आणि येताना चेरीच्या बिअरची एक बाटली घेऊन आल्या. शॅम्पेनसारखी जाड काच, वर बूच, आत गडद लाल रंग. वहिनींनी मोठ्या हौसेनं घोट घेतला आणि त्यांचा एक डोळा आपोआप मिटला.

"अहो, ही नासलीय. कुणीतरी फसवलं तुम्हाला."

डॉक्टरीणबाई हसल्या. नासलेली नाही, ही अशीच असते, म्हणाल्या. तिकडे म्हणे धान्य उकळून काढलेला गरम रस रात्रभर उघड्या, पसरट हौदात ठेवतात. हवेतून जे यीस्ट पडेल ते पडू देतात. मग तो रस लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवतात आणि नंतर त्यात अख्ख्या आंबट चेऱ्या घालतात, बियांसकट.

"म्हणजे कुणीतरी झाकण ठेवायला विसरलं आणि मग त्यालाच रीत म्हणाले," वहिनी म्हणाल्या.

पण दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्यांनी डॉक्टरीणबाईंची बेल वाजवली. त्या नासक्या बाटलीत काही उरलंय का, असं विचारायला.

तिथून सुरुवात झाली. बाहेरच्या देशांची बिअर ठेवणारं एक दुकान त्यांच्या बसच्या मार्गावरच निघालं. जी बाटली आवडे तिच्या दोन-तीन घ्यायच्या, एक उघडायची, बाकीच्या आडव्या करून ठेवायच्या. दादानं जिन्याखालच्या खोलीत फळ्या ठोकून दिल्या. ती खोली उत्तरेकडची, उन्हाळ्यातही गार. दादा स्वतः कशालाच शिवत नाही. दारूचा थेंब नाही, सिगरेट नाही. पण बाटली न हलवता वर आणायचं काम त्याचं, कारण तळाचा गाळ ढवळला तर वहिनी दिवसभर बोलत नाहीत.

महिन्यातून एका दुपारी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती जमायचो. दुसऱ्या दिवशी वहिनींची सुट्टी असेल तीच दुपार. वहिनी, डॉक्टरीणबाई, मी आणि डेपोतला मेकॅनिक. त्याला सगळे 'वंगण' म्हणतात. हात कितीही धुतले तरी नखांत काळं राहतंच. दादा पाव कापून द्यायचा, चीज मांडायचा आणि ग्लास विसळायचा. आम्ही एकाच बिअरची ताजी बाटली आणि काही वर्षं मुरलेली बाटली शेजारी शेजारी उघडायचो. ताजी चेरीची बिअर म्हणजे तोंडात फळाचा नुसता गोंधळ. मुरलेली शांत असते. तिचा रंग विटकरी होतो, चेरी मागे सरते आणि बीच्या आतला कडू बदामासारखा वास पुढे येतो. रासबेरीचं तसं नाही. ती लवकर विरते, मग लाकूड आणि आंबटपणा एवढंच उरतं.

यातलं निम्मं मला वहिनींनी शिकवलं. नुसतं "छान आहे" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "छान तर डेपोतले साहेबही म्हणतात. तुम्हाला काय लागलं ते सांगा." त्यांचं नाक आमच्यात सगळ्यात तिखट होतं. ग्लास नाकाशी नेला की डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "ओली गवताची पेंढी." मग आम्हालाही ती पेंढी सापडायची. वंगण म्हणायचा, "बाई, आम्ही नुसतं पितो, तुम्ही पंचनामा करता."

एका हिवाळ्यात वहिनींना ताप आला. साधा, आठवडाभराचा. उठून त्या कामावर गेल्या, पुढची बैठकही ठरल्या दिवशी झाली. त्यानंतरचीही. मला काही वेगळं जाणवलं नाही. एवढंच की वहिनी आधी आम्हाला बोलू द्यायच्या आणि मग मान हलवायच्या. मला वाटलं, आम्ही तयार झालो म्हणून बाईंनी सूट दिली.

मग ती दुपार आली. दादानं बरीच मुरलेली चेरीची एक बाटली वर आणली. वहिनींनी ती स्वतः उघडली, ओतली आणि पहिला घोट घेतला. "काय मुरलीय," त्या म्हणाल्या. "चेरी अजून आहे बघा. आणि मागून बदाम."

मी ग्लास नाकाशी नेला. पावसात भिजून कोपऱ्यात पडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा वास. बूच खराब निघालं की असा वास येतो, आणि मग त्या बाटलीचं काही करता येत नाही. वंगणानं ग्लास खाली ठेवून पावाचा तुकडा तोंडात घातला. डॉक्टरीणबाई ग्लासाकडे पाहत राहिल्या.

वहिनींनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. बसच्या आरशात बघतात तसं, शांतपणे.

"खराब आहे का?" त्यांनी विचारलं.

"बूच गेलंय," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

वहिनींनी ग्लास टेबलावर ठेवला. "मला कळलं नाही. मला तापानंतर कसलाच वास येत नाही. कॉफीचा नाही, साबणाचा नाही. मागच्या दोन्ही वेळी मी तुमचं ऐकून आणि आठवून बोलले. वाटलं, आज येईल, उद्या येईल."

"अगं, मला तरी सांगायचं," दादा मोरीपाशी उभा होता तिथून म्हणाला.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही झोपला नसता."

ते खरंच होतं. दादा हातातला ग्लास पुसतच राहिला, कोरडा झाला तरी.

दुसरं कुणी असतं तर बैठक तिथंच मोडली असती. वहिनींनी ती बाटली बेसिनमध्ये ओतली आणि दादाला दुसरी आणायला सांगितलं. "आज तुम्ही बोला, मी ऐकते. पण नीट बोला. आता माझं नाक तुमच्या तोंडात आहे."

त्याच आठवड्यात त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला वंगणाकडून कळली. त्या आपण होऊन डेपोच्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला वास येत नाही. गाडीत काही जळायला लागलं तर मला कळणार नाही. साहेब गोंधळले. नियमात डोळे होते, कान होते, नाकाचा कुठं उल्लेखच नव्हता. ते म्हणाले, "मग प्रश्नच नाही, चालवा गाडी."

"नियमाला प्रश्न नसेल, मला आहे," वहिनी म्हणाल्या. "गाडी सुटायच्या आधी कुणीतरी ब्रेक आणि वायरिंग हुंगून बघावं. त्याशिवाय मी चावी फिरवणार नाही."

ते काम वंगणाकडे आलं. डेपोत काही दिवस थट्टा झाली. एक चालक म्हणाला, बाईंनी आता नाक भाड्यानं घेतलंय. वहिनींनी त्याला उत्तर दिलं, "तुझं आहे ना शाबूत? मग मोजे बदलत जा." पुढे कुणी त्या वाटेला गेलं नाही. नंतर मात्र मला त्या म्हणाल्या, "भावोजी, रोज चावी फिरवताना मला भीती वाटते." त्यांच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. तरी एकही फेरी चुकवली नाही त्यांनी.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी गोळी दिली नाही, अभ्यास दिला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, यांची एकेक बाटली सकाळ-संध्याकाळ हुंगायची. वास आला नाही तरी तो आठवत हुंगायची. महिनोन्‌महिने. येईलच असं नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. दादा त्या बाटल्या घेऊन समोर बसायचा. वहिनी हुंगायच्या आणि म्हणायच्या, "पाणी." दुसरी हुंगायच्या. "पाणी." दादा म्हणायचा, "ही लवंग. दाढ दुखायची तेव्हा आपण ठेवायचो ती." आणि त्या डोळे मिटून त्या दाढेपर्यंत मागे जायचा प्रयत्न करायच्या.

असं रोज सांगता सांगता दादाच वास ओळखण्यात तरबेज झाला. आमच्या एका बैठकीत तो ग्लास मांडत होता. एक ग्लास त्यानं नाकाशी नेला आणि म्हणाला, "जुन्या कपाटाचा खण उघडल्यासारखं. आत कधीतरी सफरचंद ठेवलेलं असावं." आम्ही तिघांनी आपापले ग्लास हुंगले. खण होता, सफरचंदही होतं. त्या दिवसापासून दादा टेबलाशी खुर्ची घेऊन बसायला लागला. अजूनही थेंब पीत नाही. नुसता हुंगतो, सांगतो आणि ग्लास वहिनींकडे सरकवतो. "आमच्या दोघांत मिळून एक पिणारा," वहिनी म्हणतात.

वहिनी मात्र नुसत्या ऐकत बसल्या नाहीत. नाक गेलं तरी जीभ आहे, हे त्यांनी धरून ठेवलं. आंबट, कडू, गोड यांना नाक लागत नाही. तुरटपणा हिरड्यांना कळतो, फेस टाळूला. त्या घोट तोंडात धरून ठेवायच्या आणि एकेक गोष्ट वेगळी काढायच्या. हा आंबटपणा जिभेच्या कडेला चावतो, हा घशापाशी जाळतो. हिचा फेस सुईसारखा, तिचा साबणासारखा मऊ. ही तुरट आहे, पण हा तुरटपणा फळाच्या सालीचा नव्हे, लाकडाचा. "दात आंबले," असं म्हणाल्या की डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "आंबू द्या, माझा धंदा चालतो." आम्ही इतकी वर्षं नाकानं कांदे सोलत होतो, जिभेवर काय होतं इकडे आमचं धड लक्षच नव्हतं. आता वहिनी विचारायच्या म्हणून आम्हालाही बघावं लागायचं.

वसंत सुरू झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी एक बेत काढला. एकाच कारखान्याची चेरीची बिअर, वेगवेगळ्या वर्षांची, जिन्याखाली जेवढी होती तेवढी. नवीपासून वहिनींनी ठेवलेल्या पहिल्या बाटलीपर्यंत. ग्लासांवर खुणा नाहीत. क्रम फक्त दादाला माहीत. आणि वहिनींनी तो लावायचा.

"माझी परीक्षा घेताय होय," वहिनी म्हणाल्या, पण खुर्ची पुढे ओढली. रंग दिसू नये म्हणून डोळ्याला रुमाल बांधला.

बराच वेळ लागला. मधे पाणी, पाव, पुन्हा घोट. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, दादाच्या कपाळावर घाम. वहिनी ग्लास सरकवत गेल्या. हा सगळ्यात नवा, गोडी अजून आहे. हा त्याच्या मागचा. हे दोघे भाऊ-भाऊ, पण याचा फेस थकलाय. शेवटचा ग्लास त्यांनी दोनदा तोंडाला लावला. "ही पहिली. हिच्यात आता भांडण राहिलं नाही."

रुमाल सोडला. मधले दोन ग्लास उलटे लागले होते, बाकी क्रम बरोबर होता. वंगणानं टाळी वाजवली. वहिनींनी त्या दोन ग्लासांतून पुन्हा घोट घेतला, कुठं चुकलं ते सापडेपर्यंत. मगच हसल्या.

सगळ्यात जुनी बाटली सगळ्यात चांगली होती, असं काही नाही. मला मधलीच आवडली. वंगणाला नवी. डॉक्टरीणबाईंच्या मते जुनी आणखी दोन वर्षं आधी उघडायला हवी होती. त्यावरून टेबलावर चांगलंच वाजलं आणि वहिनी मधे बसून सगळ्यांना तोडत होत्या, पूर्वीसारख्या.

वास परत आला, पण सगळा नाही आणि सरळही नाही. आधी कॉफीला जळक्या रबराचा वास यायला लागला. वहिनी घाबरल्या, डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. मग लवंग आली. मग एका सकाळी डेपोत डिझेल, आणि त्या तिथंच उभ्या, दीर्घ श्वास घेत. वंगण म्हणाला, डिझेलवर इतकं प्रेम करणारं माणूस मी पाहिलं नाही. रासबेरी अजूनही त्यांना ओल्या वर्तमानपत्रासारखी लागते. तरी आमच्यासाठी ती उघडतात आणि दादाला विचारतात, "आज कशी आहे हो?"

मागच्या महिन्यापासून आमच्याकडे एक नवीन बाई येतात. दवाखान्याच्या खानावळीत स्वयंपाक करायच्या. त्यांचंही नाक तापानं नेलं आणि स्वयंपाकीणबाईचं नाक जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्या काम सोडून घरी बसल्या होत्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनीच त्यांना वहिनींचा पत्ता दिला. पहिल्या दिवशी त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. आपल्याला यातलं काही कळत नाही, उगाच कशाला बाटली वाया घालवायची, असं म्हणत राहिल्या.

वहिनींनी त्यांच्यापुढे चेरीचा ग्लास ठेवला. "वासाचं आमचे हे बघतील. तुम्ही फक्त सांगा, तोंडात कुठं लागतंय."

बाईंनी घोट घेतला. तोंड आक्रसलं, एक डोळा मिटला. मग बराच वेळ त्या जीभ फिरवत राहिल्या.

"गालांच्या आतल्या बाजूला," त्या म्हणाल्या. "कच्च्या आलुबुखाराचं साल घासल्यासारखं. आणि शेवटी थोडं मीठ आहे का?"

मी माझा ग्लास उचलून पुन्हा घोट घेतला. वंगणानंही घेतला. मीठ होतं, अगदी पुसट. आमच्यातल्या कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. वहिनींनी डोळे मिटून ते शोधलं, सापडल्यावर मान हलवली आणि खुर्ची त्या बाईंच्या आणखी जवळ सरकवली.

"आता हा दुसरा घ्या," त्या म्हणाल्या. "हा जरा म्हातारा आहे. घाई करू नका."