डोमकळी शोधणारे चाचा

स्वतःच्या कपाशीची काळजी करणारे मोताळा तालुक्यात पैशाला पासरी सापडतील; दुसऱ्याच्या पऱ्हाटीपायी झोप उडवून घेणारा माणूस मात्र एकच, आणि त्यांचं वावर नेमकं माझ्या धुऱ्याला, बांधाला बांध लागून आहे. सारं गाव त्यांना चाचा म्हणतं. बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळी कायमची गेली म्हणून गाव निर्धास्त झालं होतं. पुढे गुलाबी अळी आली आणि चाचांना जणू जन्माचं काम मिळालं. सकाळी चहा पोटात जायच्या आत ते कोणाच्याही वावरात शिरलेले असत. शोधायची ती डोमकळी, म्हणजे आत अळी बसल्यामुळे न उमललेलं फूल. ती तोडायची, पिशवीत भरायची आणि मालकाच्या दारात जाऊन त्याचा उद्धार करायचा. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी पेढ्यांच्या ताटाशेजारी पाच डोमकळ्या मांडल्या. "पाय, तुह्या वावरातल्या हायेत. काऊन झोपून राह्यला बे?" एका फुलातून अळी बाहेर आली तसे व्याही पाटावरून उठले. "यातून तुम्हाला मिळतं काय?" त्यांनी विचारलं. चाचा गोंधळलेच. "अळी सापडली का लय बरं वाटते. अजून काय पाह्यजे?"

मग एका बियाणेवाल्यानं त्यांना दुकानाचं नाव छापलेली टोपी दिली. "फिरताच आहात, तर आमचं औषधही सांगत जा." चाचांनी ती उन्हासाठी म्हणून भोळेपणानं घातली. आठवडाभरात गावाची नजर फिरली. काल ज्यांच्या शब्दावर फवारणी व्हायची, ते आज दुकानाचे दलाल ठरले. कोणी वावराच्या वाटेत बाभळीचे काटे टाकले. आणि मी? मीही विहिरीवरूनच गोड आवाजात म्हणालो, "चाचा, आमचं पाहून झालं." पाहिलं काहीच नव्हतं. ते धुऱ्यावरूनच माघारी गेले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी टोपी दुकानात परत केली. "डोक्श्याले ऊन लागलं तं लागू दे," ते म्हणाले, "लोकं मले पाहून तोंड फिरवून राह्यले."

त्यानंतरच्या सकाळी ते उघड्या डोक्यानं माझ्या धुऱ्यावर उभे होते.

"येऊ का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. हात धरून आत आणलं. पहिल्याच तासात त्यांना तीन डोमकळ्या सापडल्या. "अन् म्हणे पाहून झालं!" असं म्हणून ते खदखदून हसले, आणि मला पोटभर शिव्या दिल्या. त्या शिव्या फार गोड लागल्या.

आता वाटेतले काटेही गेलेत, चाचा पुन्हा गावभर फिरतात. फक्त धुऱ्याशी आले की क्षणभर थांबतात, मी "या" म्हणेपर्यंत. नका थांबू, म्हणून किती वेळा सांगितलं. हसतात, पण थांबतात.