तोंडी परीक्षेला गैरहजर

रश्श्याचं पातेलं गरम होतं. खाली ठेवायला काही मिळेना. सरांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातून सगळ्यात जाड लघुप्रबंध ओढला, आडवा टाकला आणि माझ्या हातातलं पातेलं घेऊन त्यावर ठेवलं. म्हणाले, "टेबलाचा सनमायका नवा आहे, काकू."

तो प्रबंध माझा होता.

समोर खुर्चीत नागपूरहून आलेले परीक्षक बसले होते. सरांनी त्यांना सांगितलं, "काकूंनी एसटीच्या टाइमटेबलवर लिहिलं आहे."

"मंग कंडक्टरची भरती निघाली का?"

"या वयात कायची भरती, सर," माझ्याऐवजी आमचे सरच म्हणाले. "दुकानात बसून बसून कंटाळा येते, म्हणून ॲडमिशन घेतली."

दोघं हसले. मागे उभे असलेले माझे वर्गमित्रही हसले. ते माझ्या मुलांच्या वयाचे. मी पदराला हात पुसले आणि उभी राहिले.

आमच्या कॉलेजात ही रीत आहे. शिक्षणशास्त्राच्या एम.ए.ला शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक लघुप्रबंध लिहायचा. कोणी बालविवाहाच्या कायद्यावर लिहितं, कोणी शाळेतल्या पिण्याच्या पाण्यावर, कोणी पोषण आहारावर. मग बाहेरचे परीक्षक येतात. त्यांचं जेवण विद्यार्थ्यांनी करायचं. आल्याबरोबर शाल, नारळ, फोटो. त्यानंतर ताटं. तोंडी परीक्षा जेवता जेवता होते, किंवा होतच नाही. मार्क सगळ्यांना सारखे.

मटण माझ्याकडे आलं, कारण वर्गात स्वयंपाकाच्या वयाची मीच.

मी समुद्रपूरला किराणा दुकान चालवते. लग्न बारावीनंतर झालं. मुलं हाताशी आल्यावर बी.ए. केलं, मग हे. बेरीज दोनदा केल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला रक्कम सांगत नाही. प्रबंधही तसाच केला. आमच्या तालुक्यात दहावीनंतर मुली शाळा का सोडतात, हा माझा विषय. घरोघरी गेले. दुपारी दुकान नवऱ्यावर टाकायचं, स्कूटी काढायची आणि कोणाच्या तरी अंगणात बसायचं. पुस्तकात गरिबी लिहिलेली असते, परंपरा लिहिलेली असते. मला अंगणात दुसरंच ऐकू आलं. कॉलेज सुटायच्या आधीच गावाची शेवटची बस निघून जाते.

एक मुलगी म्हणाली, "काकू, बस चुकली तं बाबा गाडीनं घ्यायले येते. दोनदा आला. तिसऱ्यांदा म्हणे, आता घरीच राह्य."

ती मुलगी हुशार होती. आता ती घरी असते. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत मी प्रबंधात लिहिलं होतं. त्यावर पातेलं होतं.

मी म्हणाले, "सर, जेवणाच्या आधी माझी तोंडी परीक्षा घ्या."

परीक्षकांनी पळीनं थोडा रस्सा तळहातावर घेऊन चाटला. "हे तोंडीच सुरू आहे नं, काकू."

"मग प्रश्न विचारा."

"बरं. रश्श्यात मीठ कमी काऊन आहे?"

पुन्हा हसू. या वेळी सर सगळ्यात मोठ्यानं हसले.

मी पातेलं उचललं आणि नव्या सनमायकावर ठेवलं. चर्र झालं. प्रबंध हातात घेतला. पुठ्ठा गरम होता, तेल आतल्या पानापर्यंत उतरलं होतं. तो उघडून मी परीक्षकांच्या ताटाशेजारी ठेवला.

"मी वाढणार नाही. यातलं काहीही विचारा."

हसू थांबलं. सर उठले. "काकू, तमाशा करू नका. मी तुमचा गाईड आहो."

"गाईड आहात तर सांगा, यात काय लिहिलं आहे?"

त्यांनी प्रबंधाकडे पाहिलंसुद्धा नाही. दाराकडे बोट केलं. "घरी जा. तुमचा निकाल लागला समजा."

निकाल लागला. सगळे पास, सगळ्यांना सारखे मार्क. एकाने मागच्या वर्षीचा कायद्यावरचा प्रबंध जसाच्या तसा उतरवला होता. आतलं दुसऱ्या जिल्ह्याचं नावही त्यानं बदललं नव्हतं. तोही पास. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, गैरहजर.

नापास लिहिलं असतं तर मी कदाचित गप्प बसले असते. नापास करायला निदान कोणीतरी पाहिलं असं दाखवावं लागतं. यांनी मी तिथे नव्हतेच असं लिहिलं. ज्या बाईच्या हातचं मटण यांनी चापलं, ती तिथे नव्हती.

दोन दिवसांनी वर्गातल्या एका मुलाचा फोन आला. "काकू, सर म्हणते, घरी डबा घेऊन या, सॉरी म्हणा, पुन्हा घेऊन टाकू तोंडी."

नवरा जवळच साखर मोजत होता. तो म्हणाला, "सोड नं. आता पदवी घेऊन तुले कुठं जायचं आहे?"

"कुठंच नाही," मी म्हणाले. "म्हणूनच मले भेव नाई."

तो पुडी बांधत राहिला.

सरांना सत्काराच्या फोटोची भारी हौस. शाल घातल्याघातल्या त्यांनी तो वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता, खाली लिहिलं होतं, 'तोंडी परीक्षा उत्साहात संपन्न'. मध्ये परीक्षक, शेजारी सर, मागे पोरं. डावीकडे मी, हातात नारळाचं ताट. कोणाला तो काढून टाकायचं सुचलं नाही. त्यांच्या लेखी त्या फोटोत मी माणूस नव्हते, ताट धरायची सोय होते. त्यामुळे मी त्यांना दिसलेच नाही.

मी तो फोटो तक्रारीला जोडला आणि विद्यापीठात पाठवला. सोबत वर्गातल्या मुलांची साक्ष मागितली. एक सोडून सगळे नाही म्हणाले. एकीनं लिहून दिलं. ती पाण्याच्या तपासणीवर लिहिणारी, वडनेरची. म्हणाली, "काकू, मलेही काही विचारलं नाई जी. मी रात्रभर पाठ करून गेलती."

चौकशीची तारीख लागली, तेव्हा सर दुकानात आले. कॉलेजात मी काकू होते. दुकानात वहिनी झाले.

"वहिनी, मिटवून टाका. मार्क वाढवून देतो. फर्स्ट क्लासच समजा."

"न वाचता?"

"वाचतो नं. आज रात्रीच वाचतो."

"आता नका वाचू. तारखेपर्यंत तसेच राहा."

ते काउंटरवर हात टेकून उभे राहिले. "माह्या नोकरीचा प्रश्न आहे. घरी लेकरं आहेत."

एक गिऱ्हाईक तेल मागत होतं. मी तेल दिलं. ते गेल्यावर सरांना म्हणाले, "या आता. गिऱ्हाइकीचा टाइम आहे."

मला वाईट वाटलं नाही. वाटेल म्हणून मी त्या रात्री वाट पाहिली. नाही वाटलं. उलट पोटात थंड वाटलं. बऱ्याच वर्षांनी झोप चांगली लागली.

आता लोक सांगतात, माणसानं मोठं मन ठेवावं. माझं मन लहान आहे. ते लहानच राहू द्या. मला माफी नको आहे. वाढवलेले मार्क नकोत. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर सरांची सही आहे. सहीच्या वर छापलं आहे, 'हे संशोधन मी स्वतः तपासलं आहे.' चौकशी समितीसमोर मी तेच पान उघडणार आणि त्यांना विचारणार. किती गावं आहेत? मुलींनी काय सांगितलं? बस किती वाजता सुटते?

एकेक प्रश्न सावकाश विचारणार. उत्तर येईपर्यंत दुसरा विचारणार नाही. ते गप्प राहिले तर 'गप्प राहिले' असं लिहून घ्यायला लावणार, आणि ते लिहून झालं की त्यांनी आजवर सही केलेले बाकीचे प्रबंध बाहेर काढा म्हणणार. पोरांनी रात्री जागून लिहिलेले, कोणी न उघडलेले सगळे. त्यात त्यांची नोकरी गेली, तर जाईल.