गळक्या छताची रेघ

कऱ्हाडहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आखातात आलेले बाबा अल बर्शाच्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर टीव्हीसमोर बसून असायचे. मला ते बघवेना. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, पण दोन वर्षांपासून हात थरथरतो म्हणून सहीसाठीसुद्धा पेन धरत नाही. इंटरनॅशनल सिटीजवळच्या चिनी बाजारात ब्रशने चिनी अक्षरं काढायला शिकवतात असं कळलं आणि मी बाबा, माझी दहा वर्षांची ईरा आणि मी अशी तिघांची नावं देऊन टाकली. माणशी एकशेवीस दिरहम, म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये. बाबांना आकडा सांगितला नाही. "मी नुसता बघणार," या अटीवर ते गाडीत बसले.

जायचं तर शनिवारी सकाळी लवकर जा, पार्किंग मिळतं. पुढचं मात्र देवाच्या हवाली. झुंबरांच्या दुकानांतून टाइल्समध्ये, टाइल्समधून परत झुंबरांत. वॉचमन म्हणाला, "सीधा, फिर लेफ्ट, यल्ला!" आणि हात उजवीकडे केला. मी काय समजायचं?

शिकवणाऱ्या लिन मॅडम साठीच्या. त्या फोनशी चिनीत बोलायच्या आणि फोन आमच्याशी हिंदीत. नियम एकच: रेघ एका दमात काढायची, परत गिरवायची नाही. ईराच्या कागदाकडे बघून फोन म्हणाला, "बहते बादल, बहता पानी।" माझ्याकडे बघून: "पत्थर के नीचे दबा मेंढक।" मॅडम खूश दिसत होत्या. मेंढक म्हणजे बेडूकच ना? मी थँक्यू म्हटलं.

बाबांना राहवेना. त्यांनी ब्रश उचलला, उभी रेघ ओढली, ती हलली. पाटीवरच्यासारखी ती दुरुस्त करायला ब्रश परत टेकवणार, तोच मॅडमनी मनगट धरलं. दुसरा कागद. या वेळी रेघ सावकाश, थांबत, थरथरत खाली आली. बाबांचे कान लाल झाले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि फोन म्हणाला, "टपकती छत से दीवार पर उतरा निशान।"

बाबांनी ब्रश ठेवला. "चला. ओल आलेल्या भिंतीवर मी जन्मात रंग लावला नाही, आणि ही बाई मला गळकं छत म्हणते!"

तिथेच एका हॉटेलात बसलो. उभा चिरलेला, व्हिनेगर घातलेला बटाटा, पंचवीस दिरहम. "कच्चा आहे," बाबा म्हणाले. खाल्ला मात्र सगळा. इतक्यात मॅडम बाबांचा कागद घेऊन धापा टाकत आल्या. फोन पुढे केला: "यह सबसे ऊँची तारीफ़ है। मेरी लकीर बीस साल से सीधी ही आती है।"

बाबांनी कागद घेतला. घरी येईपर्यंत तो मांडीवर सपाट धरून ठेवला.

दार उघडताना विचारलं, "माझा हात हलतो, हे तिला कळलं असेल का गं?"

कळलं असेल तर ती दया होती, नसेल तर खरं कौतुक. की कळूनसुद्धा खरं? "माहीत नाही, बाबा," म्हटलं. अजूनही माहीत नाही. बेडकाचंही नाही.

दुसऱ्या दिवशी ईरा मराठीच्या क्लासची वही घेऊन माझ्याकडे आली, नाव घालायला. बाबांनी ती मधेच घेतली, पेन मागितलं आणि तिचं नाव लिहिलं. बराच वेळ लागला. पेन जिथे थांबलं तिथे शाईचा ठिपका राहिला, पण एकही रेघ त्यांनी परत गिरवली नाही.

ईराने वही जवळ धरून बघितली. "आजोबा, इट्स सो शेकी!"

"मुद्दाम," बाबा म्हणाले. "दुसरी वही आण."